अहमदीची रजा आणि महिन्याचे सहा दिवस

कुवेत शहराच्या दक्षिणेला सुमारे पस्तीस किलोमीटरवर अहमदी नावाचे गाव आहे. आपल्या वाचकांपैकी ते पाहिलेले फारच थोडे निघतील. तरीपण माझगाव, डोंगरी, भायखळा येथल्या चाळींत किंवा जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत ज्यांचे लहानपण गेले, त्यांच्या कानांवरून हे नाव गेले असेल. शेजारचा गोवेकर फिटर म्हणा, श्रीवर्धनकडचा मुसलमान कारकून म्हणा, 'कुवेतला ऑईल कंपनीत' लागला असे लोक सांगत, तेव्हा तो बहुतेक या अहमदीलाच गेलेला असे.

हा लेख तेलावर नाही. अहमदीला गेलेल्या पुरुषांच्या मागे घरी राहिलेल्या बायकांवर, आणि बाईच्या महिन्याचा हिशेब माणसाला केव्हा व कसा कळला यावर तो आहे. असा विषय पूर्वी आपल्या मासिकांतून येत नसे. आजी नातीला हळू आवाजात काही सांगे, तेही अर्धेच. आता इस्राएलात आपल्या मुलींना शाळेत पुष्कळ कळते, आणि लग्नाची नोंद करायला गेल्यावर रब्बानूतच्या वतीनेही दिवस मोजायला शिकवतात. परंतु या मोजणीला एक इतिहास आहे. तो माहीत नसल्यामुळे कोकणातल्या कितीतरी बायकांनी जन्मभर टोमणे खाल्ले, त्यांत आपल्याही बायका होत्या. म्हणून तो सांगावासा वाटतो.

बुर्गान येथे तेल लागले २२ फेब्रुवारी १९३८ रोजी. पुढे महायुद्ध आले, विहिरी बुजवून ठेवाव्या लागल्या, आणि तेलाचे पहिले जहाज भरले ३० जून १९४६ रोजी. कंपनी अर्धी इंग्रजांची, अर्धी अमेरिकनांची. समुद्रापासून थोड्या अंतरावरच्या उंचवट्यावर, जिथे वाळूशिवाय काही नव्हते, तिथे कंपनीने गाव वसवले आणि त्या वेळचे शेख अहमद अल्-जाबिर यांचे नाव त्याला दिले. आधी तंबू, मग पत्र्याच्या खोल्या, मग आखीव रस्ते, बंगले आणि पाणी घालून जगवलेली झाडे. वस्तीचे भागही पाडलेले होते. उत्तरेला गोरे साहेब, मध्ये हिंदी आणि पाकिस्तानी कारकून व तंत्रज्ञ, दक्षिणेला अरब कामगार. १९५१ साली इराणने आपले तेल राष्ट्रीय मालकीचे केले तेव्हा अबादानला काम केलेले अनुभवी लोकही इकडे आले. चलन १९६१ पर्यंत रुपयाच होता. भरती मुंबईत, बोट मुंबईची, पगार रुपयांत, त्यामुळे माणसाला फार लांब आल्यासारखे वाटत नसावे. फक्त बायको बरोबर नसे.

वरच्या श्रेणीच्या लोकांना कुटुंबासाठी घर मिळे. फिटर, वायरमन, ड्रायव्हर, आचारी यांना 'बॅचलर' राहण्याची जागा. गावी बायको, आई, दोन लग्नाच्या बहिणी असल्या तरी तिथे तो बॅचलरच. वर्षाने, दोन वर्षांनी महिना-दोन महिन्यांची रजा पडे. ट्रंक, ट्रान्झिस्टर, अत्तराच्या बाटल्या घेऊन तो गावी येई, पाहुण्यांच्या गर्दीत रजा संपून जाई, आणि बोट सुटल्यावर घरातल्या सगळ्या बायकांचे लक्ष त्याच्या बायकोकडे लागे. आपल्या मराठीत बाईला 'दिवस गेले' म्हणतात. पाळीचे दिवस मोजता मोजता पुढे गेले, एवढाच त्याचा अर्थ. दिवस गेले नाहीत तर दुसऱ्या रजेपर्यंत वाट पाहायची. तिसऱ्या रजेला सासू दुसऱ्या मुलीचे नाव काढू लागे.

हे दुःख अहमदीने निर्माण केले असे मात्र नाही. खुद्द कुवेतचे पुरुष तेलाच्या आधी उन्हाळ्याचे चार महिने मोती काढायला समुद्रावर जात, आणि मोठ्या गलबतांवरचे खलाशी मुंबई, मलबार, आफ्रिकेचा किनारा करून आठ-नऊ महिन्यांनी घरी परतत. आपल्याकडे पलटणीतले सुभेदार होते, रेल्वेतले नोकर होते, एडन, कराची, रंगून येथे गेलेले कारकून होते. त्यांच्याही बायका गावी राहत आणि रजेची वाट पाहत. मूल होत नाही म्हणून एलियाहू हन्नाबीला नवस बोलायचे, अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण असलेल्या खडकाकडे जायचे, मलिदा करायचा, हे आपल्या घराघरांत झालेले आहे. शमुवेलाच्या पुस्तकातल्या हन्नाची गोष्ट आपल्या बायकांना एवढी जवळची का वाटते, ते यावरून कळावे. पेनिन्ना वर्षानुवर्षे तिला टोचून बोलते, आणि मंदिरात ती ओठ हलवून मूक प्रार्थना करते तेव्हा याजकाला वाटते की ही दारू प्यालेली आहे.

आता महिन्याकडे येऊ. दर महिन्याला बाईच्या बीजांडकोशातून साधारणतः एक बीज सुटते. ते फार तर बारा ते चोवीस तास जगते. पुरुषाचे बीज मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकते. म्हणून मूल राहू शकेल असे दिवस महिन्यात सहाच: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. बीज सुटले आणि दिवस राहिले नाहीत, तर साधारण दोन आठवड्यांनी गर्भाशयाचे अस्तर गळून पाळी येते. म्हणजे पाळी ही महिन्याची सुरुवात नव्हे. आधीच्या महिन्यात जे झाले नाही त्याचा तो शेवट आहे. आपण कॅलेंडरवर पाळीचा पहिला दिवस हा 'पहिला' मोजतो तो केवळ डोळ्यांना दिसतो म्हणून.

एवढी साधी वाटणारी ही गोष्ट जगाला कळली केव्हा? सस्तन प्राण्याच्या मादीत बीज असते हे फॉन बेअर या शास्त्रज्ञाने १८२७ साली पाहिले. पण ते महिन्याच्या कोणत्या दिवशी सुटते हे पुढची शंभर वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. युरोपातल्या नामांकित डॉक्टरांनी कुत्रीचा माज पाहिला, त्या वेळी तिला रक्त जाते हे पाहिले, आणि बाईचेही तसेच असणार असे ठरवून टाकले. पाळीच्या आसपास मूल राहते आणि महिन्याच्या मधले दिवस मोकळे, असा सल्ला ते देत. मूल नको असलेल्यांना नेमके मूल राहण्याचे दिवस सुचवले जात होते, आणि मूल हवे असलेल्यांना नको ते दिवस. इतक्या आत्मविश्वासाने इतके उलटे सांगितल्याचे दुसरे उदाहरण वैद्यकात थोडेच असेल.

आपल्या शास्त्रात हा वाद त्याहून पुष्कळ जुना आहे. तल्मूदच्या 'निद्दा' या भागात दोन रब्बींचे मतभेद नोंदले आहेत. रब्बी यित्झाक यांच्या मते बाईला दिवस राहतात ते पाळीच्या सुमारास. रब्बी योहानान यांच्या मते स्नानाच्या सुमारास. पहिले मत एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांचे, दुसरे आजच्या शास्त्राचे. तोरेत सात दिवस सांगितले आहेत. पुढे इस्राएलाच्या मुलींनी स्वतःहून जास्त कडक नियम लावून घेतला, असे तल्मूद म्हणते: रक्त थांबल्यावर सात शुद्ध दिवस मोजायचे आणि मग स्नान करायचे. पाळीचे पाच दिवस धरले तर हे स्नान बाराव्या दिवसाच्या सूर्यास्तानंतर येते. अठ्ठावीस दिवसांची पाळी असलेल्या बाईचे बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटते. नवरा-बायको जवळ येतात ते अगदी योग्य वेळी. दाविदाच्या कथेत बथशेबा स्नान करून शुद्ध झाली होती असे ग्रंथकार मुद्दाम सांगतो, ते उगीच नाही. तिचा नवरा उरिया रणांगणावर होता. पुढे तिला दिवस राहिले ते कोणाचे, हे त्या एका वाक्याने वाचकाला कळते.

आपल्या हिंदू शेजाऱ्यांचा हिशेब वेगळा, पण उत्तर जवळचे. मनुस्मृतीत पाळीपासून सोळा रात्री ऋतुकाल सांगितला आहे आणि पहिल्या चार वर्ज्य. म्हणजे पाचवी ते सोळावी. त्यातही सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी, ही पुस्ती जोडलेली आहेच. तिला आधार काही नाही, पण मुलगा हवा असलेल्या घरांत तीच जास्त लक्षात राहिली. कोकणात आपल्या आजी-पणजी 'बाजूला' बसत, शेजारणीही बसत, आणि कावळा शिवला म्हणून मुलांना सांगितले जाई. विटाळाच्या या पद्धतीने बायकांचे हाल झाले हे खरेच आहे. पण दिवस मोजण्याची सवय त्यांना त्याच पद्धतीने लावली, हेही नाकारता येत नाही.

खरे उत्तर सापडले ते जपानमध्ये, निगाता शहरातल्या एका इस्पितळात. डॉ. क्यूसाकू ओगिनो हे शस्त्रक्रियेसाठी पोट उघडले की बीजांडकोशाची अवस्था पाहून ठेवत आणि त्या बाईची पुढची पाळी कोणत्या तारखेला आली ते टिपून ठेवत. सगळे जग पाळीपासून पुढे मोजत होते. त्यांनी पुढच्या पाळीपासून मागे मोजले. बीज पुढच्या पाळीच्या बारा ते सोळा दिवस आधी सुटते असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष १९२४ साली जपानीत आणि १९३० साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रियातील डॉ. हर्मान क्नाउस हेही त्याच काळात स्वतंत्रपणे जवळपास त्याच उत्तराला पोचले. लोकांनी याचा उपयोग मूल टाळण्यासाठी सुरू केला. खुद्द ओगिनोंना ते पसंत नव्हते. मूल टाळायला ही मोजणी पुरेशी भरवशाची नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

या मागून मोजण्यात सगळी गोम आहे. महिना लांब असो वा आखूड, बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचा काळ साधारण सारखा राहतो. बदलतो तो त्याच्या आधीचा. चोवीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचे बीज दहाव्या दिवसाच्या सुमारास सुटते, पस्तीस दिवसांनी येणारीचे एकविसाव्या. पहिली बाई बाराव्या दिवशी रात्री स्नान करून येते तेव्हा बीज सुटून गेलेले असते. तिच्यात दोष काही नाही, नवऱ्यात नाही, आणि तरीही वर्षानुवर्षे मूल होत नाही. इस्राएलातल्या डॉक्टरांना ही अडचण चांगली माहीत आहे. बीज थोडे उशिरा सुटावे म्हणून ते औषध देतात, आणि रब्बींमध्येही त्यावर चर्चा झालेली आहे. नियम पाळणाऱ्या ज्या सुनेला घरात वांझ म्हटले गेले, तिची कदाचित फक्त पाळी आखूड होती. १९९५ साली अमेरिकेत उत्तर कॅरोलायनामधल्या २२१ बायकांच्या नोंदी तपासून हे सहा दिवस पक्के करण्यात आले. पुढे त्याच संशोधकांनी दाखवले की हे सहाही दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आत बसतात अशा बायका शंभरात तीसच असतात. बाकीच्यांचे दिवस अलीकडे किंवा पलीकडे सरकतात.

मुंबईत ही माहिती मराठीतून पोचवायला माणसे होती. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि त्यापायी त्यांना कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. त्या साली ओगिनोंचा निबंध अजून यायचा होता. बीज कोणत्या दिवशी सुटते हे जगात कोणालाच सांगता येत नव्हते. तारखांवर विसंबण्यापेक्षा साधनांवर विसंबा, हाच त्या वेळी शहाणपणा होता. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांतल्या एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते.

दुसरे नाव आपल्या घरचे आहे. डॉ. जेरुशा झिराड या लंडनहून १९१९ साली एम. डी. होऊन आल्या आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा इस्पितळाच्या प्रमुख होत्या. त्या जागेवर आलेल्या त्या पहिल्या भारतीय. मुंबईत बाळंतपणात बायका का मरतात याची त्यांनी पद्धतशीर पाहणी केली. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुरुष डॉक्टरपुढे पाळीबद्दल अवाक्षर न काढणारी कोकणातली बाई कामात बोलत असे, कारण समोर बाईच बसलेली असे. आपल्या समाजात सुभेदारांचे आणि नटनट्यांचे कौतुक नेहमी होते. झिराडबाईंचे त्यामानाने कमी होते असे आम्हांला वाटते.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही दिवस मोजण्याचा मार्ग धरून पाहिला. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांना साधनांचा प्रचार रुचत नव्हता. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेमार्फत अमेरिकेचे डॉ. अब्राहम स्टोन आले, आणि दिल्लीची लोदी कॉलनी व म्हैसूर संस्थानातले रामनगरम येथे प्रयोग सुरू झाले. बायकांना मण्यांच्या माळा दिल्या. हिरवे मणी मोकळ्या दिवसांचे, तांबडे मूल राहण्याच्या दिवसांचे. रोज एक मणी सरकवायचा. माळ गळ्यात घालायची लाज वाटे, कारण पाहणाऱ्याला घरातले सगळे कळे. कित्येकींना वाटले की माळ घातली की झाले. प्रयोग फसला आणि पुढे त्याची थट्टाही झाली. परंतु पन्नास वर्षांनी, २००० नंतर, अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाने बत्तीस मण्यांची माळ पुन्हा काढली. तिच्यात आठव्या ते एकोणिसाव्या दिवसाचे मणी वेगळ्या रंगाचे आहेत, आणि सव्वीस ते बत्तीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईलाच ती चालेल असे स्पष्ट सांगितलेले आहे. स्टोनसाहेबांची कल्पना खुळी नव्हती. पण नुसती माळ हाती देऊन भागत नाही, ती कोणासाठी आणि कशी हे बायकांच्या मनात उतरावे लागते.

आता अहमदीच्या फिटरकडे परत येऊ आणि हिशेब करू. तरुण, निरोगी जोडपे एकत्र राहत असेल तरी एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता पाचांत एक, फार तर चारांत एक असते. पाचांत एक धरू. दोन महिन्यांच्या रजेत दोन पाळ्या. अशा शंभर निरोगी जोडप्यांपैकी चौसष्ट जोडपी पहिल्या रजेअखेर मुलाच्या बातमीशिवाय राहतात. सहा वर्षांत तीन रजा, म्हणजे सहा पाळ्या झाल्या, तरी सव्वीस जोडपी तशीच उरतात. नवरा ज्या दिवशी बोटीतून उतरला त्याच दिवशी बायकोची पाळी सुरू झाली, आणि घर नियम पाळणारे असेल, तर रजेतले पहिले बारा दिवस गेलेच. महिन्याच्याच रजेत ते सहा दिवस सापडायचे ते एकदा, आणि आखूड पाळी असेल तर तेही नाही. घरी राहणाऱ्या जोडप्यांपैकी शंभरातील ऐंशी-पंच्याऐंशी पहिल्या वर्षातच या चिंतेतून सुटतात. शेजारीण दारात बाळाला न्हाऊ घालते आणि अहमदीवाल्याची बायको सहा वर्षे वांझ ठरते. या दोघींत फरक फक्त बोटीच्या तिकिटाचा. भरीस भर म्हणजे, मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडते. त्याला तपासायला मात्र कोणी नेत नसे.

कुवेतच्या स्थानिक बायकांची वेगळीच कथा होती. तिथे पहिली बाई डॉक्टर अमेरिकन मिशनच्या डॉ. एलिनॉर कॅल्व्हर्ली १९१२ साली आल्या, आणि १९३४ साली डॉ. मेरी ब्रुइन्स. बाळंतिणीच्या अंगात खडेमीठ भरण्याची त्या किनाऱ्यावर जुनी चाल होती. जखम भरून यावी हा हेतू. त्या मिठाने आतला मार्ग आवळून जाई, पुढचे बाळंतपण जिवावर बेते, कधी पुन्हा मूलच होत नसे, आणि नवरा दुसरी करी. मिशनच्या दवाखान्यांनी आणि पुढे सरकारी इस्पितळांनी ही चाल मोडत आणली. अहमदीला कंपनीचे साउथवेल इस्पितळ उभे राहिले १९६० साली. कोकणातल्या सासूने सुनेला आणि कुवेतच्या सुइणीने बाळंतिणीला वाईट व्हावे म्हणून काही केले नव्हते. आत काय चालते ते दोघींनाही कोणी सांगितलेले नव्हते.

इस्राएलात आज हा प्रश्न घेऊन डॉक्टरकडे जाण्यात कोणी लाज मानत नाही. पंचेचाळीस वर्षांपर्यंतच्या बाईला दोन मुलांपर्यंत नळीतल्या गर्भधारणेचा खर्च आरोग्यविमा देतो. त्या पायरीपर्यंत जाण्याची गरज पुष्कळांना पडत नाही. वर्षभर एकत्र राहूनही दिवस राहिले नाहीत तर, आणि बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांनीच, तपासणी करावी असा डॉक्टरांचा नियम आहे. यात 'एकत्र राहून' हे शब्द महत्त्वाचे. लग्नाला किती वर्षे झाली हा आपल्या लोकांचा प्रश्न. एका घरात किती महिने झाले हा डॉक्टरांचा. नवरा जहाजावर असेल, सैन्यात असेल, परदेशी कामावर असेल, तर ते आधी सांगावे. नवऱ्याची तपासणी सोपी आणि बिनत्रासाची असते, ती पहिल्यांदा करून घ्यावी. आणि पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख निदान सहा महिने वहीत लिहून ती वही बरोबर न्यावी. आपल्या वडीलधाऱ्या बायका हिब्रू तारीख लिहितात. तिच्या शेजारी इंग्रजी तारीखही लिहावी, म्हणजे डॉक्टरला दिवस मोजायला वेळ लागणार नाही.